दिवाणखान्यातला डिस्कविना संगणक : नेटवर्कवरून बूट होणारी मीडिया-यंत्रणा घरी कशी उभारावी

टीव्हीला जोडलेल्या संगणकात हार्ड डिस्क नाही, एसएसडी नाही, पेनड्राइव्हही नाही, आणि तरीही बटण दाबल्यावर तो सुरू होतो आणि घरातले चित्रपट, गाणी, लग्नामुंजीच्या चित्रफिती दाखवू लागतो. हे नेटवर्क बूटमुळे शक्य होते. संगणकाचे नेटवर्क कार्ड घरातल्या सर्व्हरकडून, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या दुसऱ्या संगणकाकडून, आधी एक छोटा प्रोग्रॅम मागवून घेते, तो प्रोग्रॅम कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, आणतो आणि कर्नल उरलेली सगळी प्रणाली सर्व्हरवरच्या फोल्डरमधून चालवतो. या मांडणीचे खरे मोल वेगात नाही. बिघडण्यासारखे जे काही आहे ते टीव्हीजवळून उचलून एका जागी येते, आणि त्या एकाच जागेची निगा नीट राखता येते, हे तिचे मोल आहे.

म्हणूनच ही मांडणी प्रत्येक घरासाठी नाही. घरात एकच मीडिया संगणक असेल आणि दिवसरात्र चालणारा सर्व्हर नसेल, तर छोटी एसएसडी बसवणे स्वस्त आणि सोपे पडते. फक्त हौसेखातर दुसरे यंत्र चालू ठेवू नये. मात्र चित्रपटांचा साठा आधीच एखाद्या सर्व्हरवर असेल, टीव्ही दोन खोल्यांत असतील, किंवा वीज वारंवार गेल्यामुळे टीव्हीजवळच्या संगणकातील कार्ड किंवा डिस्क खराब होत असेल, तर पुढे सांगितलेली मेहनत सार्थकी लागते.

येथे टीव्हीवरच्या संगणकासाठी लिब्रेईएलईसी ही प्रणाली धरली आहे. ती फक्त कोडी हे मीडिया सॉफ्टवेअर चालवण्यासाठी बनवलेली लिनक्स प्रणाली असून २०१६ साली ओपनईएलईसीपासून वेगळी झाली. तिची रचना नेटवर्क बूटला फार सोयीची आहे. 'कर्नल' आणि 'सिस्टिम' या दोनच फाइलींत सगळी प्रणाली मावते, त्या दोन्ही फक्त वाचल्या जातात, आणि वापरकर्त्याचे सर्व काही 'स्टोरेज' नावाच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये राहते. सर्व्हरसाठी डेबियन ही लिनक्स प्रणाली धरली आहे. आज्ञा, पर्याय आणि फाइलींची नावे येथे उच्चारानुसार दिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांत टंकावीत.

बूट होताना नेमके काय घडते

हा क्रम नीट समजला की पुढे अडचण आल्यावर ती कोठे आहे हे ओळखता येते, म्हणून तो घाईने वाचून सोडू नये.

संगणक चालू झाल्यावर नेटवर्क कार्डातील पीएक्सई हा भाग जागा होतो. पीएक्सई हे इंटेलने ठरवलेले मानक असून त्याची २.१ ही आवृत्ती १९९९ सालची आहे. तो घरातल्या सगळ्या यंत्रांना उद्देशून डीएचसीपीची, म्हणजे नेटवर्कवर पत्ता मागण्याची, हाक देतो. या हाकेला त्याला दोन गोष्टी उत्तरात हव्या असतात. एक म्हणजे स्वतःचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आपला क्रमांक, आणि दुसरी म्हणजे बूट करण्यासाठी कोणती फाइल कोणत्या सर्व्हरवरून घ्यायची याची माहिती. पहिली गोष्ट घरातला राउटर देतोच. दुसरी गोष्ट इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेल्या बहुतेक राउटरांच्या मेनूत देताच येत नाही, आणि तो राउटर बदलण्याचीही मुभा नसते. यावरचा उपाय म्हणजे प्रॉक्सी डीएचसीपी. राउटरला हात न लावता, त्याच्या शेजारी आपला सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो आणि आयपी पत्ते वाटण्याचे काम राउटरकडेच राहते.

फाइलचे नाव कळल्यावर पीएक्सई ती टीएफटीपी या प्रोटोकॉलने उतरवून घेतो. टीएफटीपी अगदी साधा आहे. मूळ मानकात तो ५१२ बाइटांचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो आणि मग पुढचा तुकडा पाठवतो. काहीशे किलोबाइटांच्या फाइलीला हे चालते, पण कर्नलसारखी मोठी फाइल अशी आणणे रेंगाळते. म्हणून टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम आणावा, आणि त्यापुढचा कर्नल आयपीएक्सईने एचटीटीपीवरून, म्हणजे वेबपाने येतात त्या पद्धतीने, आणावा. कर्नल चालू झाला की तो पुन्हा एकदा आयपी पत्ता घेतो, एनएफएस या नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणाऱ्या पद्धतीने सर्व्हरवरचे फोल्डर जोडतो, आणि तेथून 'सिस्टिम' फाइल उघडून कोडी सुरू करतो.

म्हणजे डीएचसीपी, टीएफटीपी, एचटीटीपी आणि एनएफएस असे चार टप्पे एकापाठोपाठ पार पडतात. यातला प्रत्येक टप्पा स्वतंत्रपणे तपासता येतो, आणि तो तपासूनच पुढे जावे असा माझा आग्रह आहे. चारही टप्पे एकदम मांडून टीव्हीसमोर बसल्यास काळ्या पडद्यावरून काहीच उमगत नाही.

तारेचा प्रश्न

डिस्क नसलेल्या संगणकाला तार हाच आधार असतो. वाय-फायवरून पीएक्सई चालत नाही असे धरूनच चालावे. वाय-फायचा पासवर्ड ज्या प्रणालीत साठवायचा, ती प्रणालीच अजून आलेली नसते. पंचवटीतल्या किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींतून वाय-फाय तसेही धड पोहोचत नाही, त्यामुळे अशा घरांत तार ओढण्याचे काम कधीतरी करावेच लागते. सिडको किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत टाकलेली नळी बहुधा रिकामी सापडते. आधी तिच्यातून ओढून पाहावे. मात्र विजेच्या तारांच्या नळीत नेटवर्कची तार घालू नये.

कॅट-६ तार घेताना ती शुद्ध तांब्याची आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. महात्मा गांधी रस्त्यावरच्या दुकानांत हारीने मांडलेल्या गुंडाळ्यांमध्ये सीसीए असे लिहिलेली तार बरीच स्वस्त मिळते. तिच्या आत ॲल्युमिनियम असते आणि वर तांब्याचा नुसता मुलामा असतो. दोन-तीन मीटरला ती चालून जाते, पण जिन्यातून वर जाणाऱ्या लांब तारेसाठी ती घेऊ नये. चाकूने एक तार खरवडली की आतला पांढुरका धातू लगेच दिसतो.

टोकाला आरजे-४५ कनेक्टर बसवताना रंगांचा क्रम दोन्हीकडे सारखाच ठेवावा. कनेक्टरची पट्टी खाली आणि सोनेरी पत्र्या आपल्याकडे वर धरल्यास डावीकडून उजवीकडे पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा क्रम येतो. यातली हिरवी जोडी निळ्या जोडीच्या दोन्ही बाजूंना फाकलेली आहे, आणि नवखा हात नेमका तेथे चुकतो, कारण डोळ्यांना सारख्या रंगांच्या तारा शेजारी ठेवाव्याशा वाटतात. गिगाबिट जोडणीला चारही जोड्या लागतात. एखादी तार नीट दाबली गेली नाही, तर जोडणी तुटतेच असे नाही. बऱ्याचदा ती गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते. संगणक बूट होतो, साधे चित्रपट चालतात, आणि फक्त मोठी फाइल अडखळते. हा दोष शोधणे फार जिकिरीचे असते. म्हणून तार टाकल्यावर लगेच एखादा लॅपटॉप त्या टोकाला जोडून 'ईथटूल' या आज्ञेने जोडणीचा वेग १००० मेगाबिट दिसतो का, ते पाहावे.

१०० मेगाबिट पुरत नाहीत का, असा प्रश्न येथे रास्त आहे. त्या जोडणीतून प्रत्यक्षात सेकंदाला ११ ते १२ मेगाबाइट जातात. साध्या ब्लू-रेचा चित्र आणि ध्वनी मिळून कमाल वेग ४८ मेगाबिट आहे, तो त्यात आरामात बसतो. पण ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रेचा कमाल वेग १२८ मेगाबिटपर्यंत जातो, आणि आपल्या संगणकाची प्रणालीही त्याच तारेवरून वाचली जात असते. त्यामुळे राउटर, स्विच (नेटवर्कच्या तारा एकत्र जोडणारी पेटी) आणि दोन्ही संगणक या सगळ्यांचे पोर्ट गिगाबिट असावेत.

सर्व्हरची तयारी

सर्व्हर म्हणून जुना डेस्कटॉप, छोटा पीसी किंवा जुना लॅपटॉप चालतो. लॅपटॉपची बॅटरी धडधाकट असेल तर वीज गेल्यावर तीच उपयोगी पडते, हा त्याचा मोठा गुण आहे. सर्व्हरचा आयपी पत्ता मात्र कायम एकच असला पाहिजे. राउटर जे पत्ते वाटतो त्या मर्यादेबाहेरचा एक पत्ता त्याला द्यावा. येथे तो १९२.१६८.१.१० मानला आहे. टीव्हीजवळच्या संगणकासाठी राउटरमध्ये त्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा कायमचा क्रमांक, नोंदवून १९२.१६८.१.२० हा पत्ता राखून ठेवावा. आपल्या राउटरची मालिका १९२.१६८.०.० किंवा आणखी वेगळी असेल, तर पुढे सर्वत्र त्याप्रमाणे बदल करावा.

डेबियनवर 'डीएनएसमास्क', 'एनएफएस-कर्नल-सर्व्हर', 'आयपीएक्सई' आणि एचटीटीपीवरून फाइली देणारे 'एनजिनएक्स' ही चार पॅकेजे घालावीत. त्यानंतर 'एसआरव्ही' फोल्डरमध्ये चार फोल्डर करावेत : टीएफटीपीसाठी 'टीएफटीपी', प्रणालीच्या दोन फाइलींसाठी 'बूट', वापरकर्त्याच्या गोष्टींसाठी 'स्टोरेज', आणि चित्रपट-गाण्यांसाठी 'मीडिया'. 'मीडिया' वेगळ्या डिस्कवर असल्यास उत्तम, कारण तिच्यावर मोठ्या फाइली सलग वाचल्या जातात आणि 'स्टोरेज'मध्ये बारीक बारीक लेखन चालते. 'स्टोरेज' सर्व्हरच्या एसएसडीवर ठेवले तर कोडीचे मेनू चपळ चालतात. ते जुन्या फिरत्या डिस्कवर ठेवले तर चित्रपटांची पोस्टरे एकेक करून उमटताना दिसतात.

लिब्रेईएलईसीच्या संकेतस्थळावरून साध्या पीसीसाठीची, म्हणजे 'जेनेरिक' नावाची इमेज उतरवून घ्यावी. ती उघडून पहिले पार्टिशन सर्व्हरवर जोडले की 'कर्नल' आणि 'सिस्टिम' या दोन फाइली दिसतात. त्यांची नावे मोठ्या अक्षरांत आहेत आणि ती तशीच ठेवायची आहेत. या दोन्ही 'बूट' फोल्डरमध्ये उतरवाव्यात. लिनक्सच्या इतर प्रणालींना सुरुवातीच्या टप्प्यासाठी लागणारी वेगळी इनिटआरडी फाइल येथे लागत नाही, ती कर्नलमध्येच समाविष्ट आहे.

आता एनएफएस. 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'एक्स्पोर्ट्स' फाइलीत तीन ओळी लिहायच्या आहेत. 'बूट' फोल्डर १९२.१६८.१.२० या पत्त्याला फक्त वाचण्यासाठी, म्हणजे 'आरओ' पर्यायाने द्यावे. 'स्टोरेज' त्याच पत्त्याला 'आरडब्ल्यू', 'सिंक', 'नो_सबट्री_चेक' आणि 'नो_रूट_स्क्वॅश' या पर्यायांनी द्यावे. 'मीडिया' घरातल्या सगळ्या पत्त्यांना 'आरओ' द्यावे. यातल्या 'नो_रूट_स्क्वॅश'बद्दल थोडे थांबून सांगायला हवे. एरवी एनएफएस सर्व्हर समोरच्या यंत्रावरच्या रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्त्याला रूटचे अधिकार देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या संगणकाची प्रणाली 'स्टोरेज'मध्ये रूट म्हणूनच लिहिते, त्यामुळे हा पर्याय नसल्यास बूट अर्ध्यावर अडकते. पर्याय जोखमीचा असल्याने तो फक्त 'स्टोरेज'ला आणि फक्त एकाच पत्त्याला द्यावा. पूर्ण मालिकेला तारांकन टाकून देऊ नये. फाइल जतन करून 'एक्स्पोर्टएफएस -आरए' ही आज्ञा चालवावी. बूट होताना टीव्हीजवळचा संगणक एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीवर अवलंबून असतो, त्यामुळे सर्व्हरवर ती आवृत्ती बंद करू नये.

एवढे झाल्यावर पहिली तपासणी करावी. घरातल्या दुसऱ्या लिनक्स लॅपटॉपवरून 'शोमाउंट -ई' या आज्ञेने सर्व्हरची यादी मागवावी. मग त्या लॅपटॉपला काही वेळापुरता १९२.१६८.१.२० हा पत्ता देऊन 'स्टोरेज' जोडावे आणि त्यात रूट म्हणून एक फाइल तयार करून पाहावी. फाइल तयार झाली आणि तिचा मालक रूट दिसला, की एनएफएसचा टप्पा पार पडला. लॅपटॉपचा पत्ता लगेच पूर्ववत करावा.

डीएनएसमास्कची नोंद

डीएनएसमास्क एकाच वेळी प्रॉक्सी डीएचसीपी आणि टीएफटीपी या दोन्ही भूमिका निभावतो. त्याच्या फोल्डरमध्ये एक नवी फाइल करून पुढील ओळी लिहाव्यात.

पोर्ट=०
लॉग-डीएचसीपी
डीएचसीपी-रेंज=१९२.१६८.१.०,प्रॉक्सी
इनेबल-टीएफटीपी
टीएफटीपी-रूट=/एसआरव्ही/टीएफटीपी
डीएचसीपी-मॅच=सेट:आयपीएक्सई,१७५

पहिली ओळ डीएनएसचे, म्हणजे संकेतस्थळांच्या नावांवरून पत्ते शोधण्याचे, काम बंद करते, कारण ते राउटर करतोच आहे. दुसरी ओळ प्रत्येक हाकेची नोंद ठेवते. सगळे सुरळीत झाल्यावर ती काढता येते. तिसऱ्या ओळीतला 'प्रॉक्सी' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. तो सुटला आणि त्याजागी पत्त्यांची मर्यादा लिहिली गेली, तर घरात दोन यंत्रे पत्ते वाटू लागतील आणि सगळ्यांच्या मोबाइलचे इंटरनेट अनिश्चित होईल.

शेवटच्या ओळीचे कारण असे. पीएक्सई आयपीएक्सई उतरवतो, आणि आयपीएक्सई सुरू झाल्यावर तोही स्वतःची डीएचसीपी हाक देतो. त्याला पुन्हा तेच उत्तर मिळाले, तर तो पुन्हा आयपीएक्सईच उतरवतो आणि हे चक्र थांबत नाही. आयपीएक्सई आपल्या हाकेत १७५ क्रमांकाचा पर्याय पाठवतो, त्यावरून डीएनएसमास्क त्याला ओळखतो आणि त्यावर खूण लावतो. म्हणून आता दोन 'पीएक्सई-सर्व्हिस' ओळी लिहायच्या. पहिली ओळ ज्याच्यावर ही खूण नाही त्याच्यासाठी, 'एक्स८६-६४_ईएफआय' प्रकाराला, 'एसएनपीओन्ली.ईएफआय' ही फाइल देणारी. दुसरी ओळ खूण असलेल्यासाठी, त्याच प्रकाराला, 'बूट.आयपीएक्सई' ही फाइल देणारी. 'एसएनपीओन्ली.ईएफआय' ही फाइल आयपीएक्सईच्या पॅकेजमधून 'टीएफटीपी' फोल्डरमध्ये उतरवून ठेवावी. संगणक फार जुना असून त्यात यूईएफआय, म्हणजे संगणक सुरू करणारी नवी मूळ यंत्रणा, नसेल, तर प्रकार 'एक्स८६पीसी' आणि फाइल 'अनडायओन्ली.केपीएक्सई' असा बदल करावा. बाकी सर्व तसेच राहते.

डीएनएसमास्क पुन्हा सुरू करून दुसऱ्या संगणकावरून टीएफटीपीने ही फाइल उतरवून पाहावी. उतरली की दुसरा टप्पा पार पडला.

बूटची लिपी

बूटच्या आज्ञांची लिपी असलेली 'बूट.आयपीएक्सई' ही छोटी मजकूर फाइल 'टीएफटीपी' फोल्डरमध्येच ठेवायची. तिची पहिली ओळ हॅश, उद्गारचिन्ह आणि आयपीएक्सई अशी, जागा न सोडता. दुसरी ओळ 'कर्नल' या आज्ञेने सुरू होते. त्यापुढे सर्व्हरवरच्या कर्नल फाइलीचा एचटीटीपी पत्ता, आणि त्याच ओळीत कर्नलला द्यायचे पर्याय येतात. शेवटच्या ओळीत फक्त 'बूट'.

कर्नलचे पर्याय असे आहेत. 'आयपी=डीएचसीपी' म्हणजे पत्ता राउटरकडून घे. 'बूट=एनएफएस=१९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/बूट' म्हणजे प्रणालीची फाइल येथून घे. 'डिस्क=एनएफएस=१९२.१६८.१.१०:/एसआरव्ही/स्टोरेज' म्हणजे वापरकर्त्याचे सर्व काही येथे ठेव. यानंतर 'ओव्हरले' हा शब्द लिहिल्यास प्रणाली 'स्टोरेज'च्या आत त्या संगणकाच्या मॅक पत्त्याच्या नावाने वेगळे उपफोल्डर करते. आज संगणक एकच असला तरी हा शब्द लिहून ठेवावा, म्हणजे पुढे दुसऱ्या खोलीत यंत्र लावताना दोघांच्या फाइली एकमेकांत मिसळणार नाहीत. 'टोरॅम' हा आणखी एक उपयुक्त पर्याय आहे. तो 'सिस्टिम' फाइल सुरुवातीलाच मेमरीत घेतो. त्यासाठी संगणकात ४ जीबी मेमरी असावी. बूटला थोडा अधिक वेळ लागतो, पण नंतर नेटवर्कवरचा ताण कमी होतो.

एनजिनएक्सला 'बूट' फोल्डर दाखवणारी नोंद करून कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमध्ये कर्नलचा पत्ता टाकावा. फाइल उतरू लागली की तिसराही टप्पा पार पडला, आणि आता टीव्हीकडे वळायला हरकत नाही.

टीव्हीजवळचा संगणक

कार्यालयांतून निघालेले, पुस्तकाएवढे छोटे पीसी या कामाला उत्तम असतात. निवड करताना प्रोसेसरची पिढी पाहावी. एचईव्हीसी या संकोचन-पद्धतीच्या १०-बिट चित्रफिती हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या सातव्या पिढीपासून पूर्णत्वाने आली. त्याआधीच्या यंत्रावर ४के चित्रपट दाखवताना पंखा जोरात फिरतो आणि तरीही चित्र अडखळते. नेटवर्क पोर्ट मदरबोर्डवरचाच असावा, कारण यूएसबीला जोडायच्या नेटवर्क कार्डावरून बूट होण्याची खात्री देता येत नाही.

आतली डिस्क काढून टाकावी. बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन फक्त स्वाक्षरी असलेले प्रोग्रॅम चालू देणारे सिक्युअर बूट बंद करावे, कारण डेबियनच्या पॅकेजमधला आयपीएक्सई स्वाक्षरीविना असतो. 'नेटवर्क स्टॅक' आणि आयपीव्ही४ साठीचे पीएक्सई चालू करावे, आयपीव्ही६ चे बंद ठेवावे म्हणजे वाट पाहण्याचा वेळ वाचतो. फास्ट बूट बंद करावे, कारण काही यंत्रांत त्यामुळे नेटवर्क कार्ड वेळेवर जागे होत नाही. बूटच्या क्रमात नेटवर्क सर्वांत वर आणावे.

अडले तर कोठे पाहावे

सर्व्हरवर 'जर्नलसीटीएल -यू डीएनएसमास्क -एफ' ही आज्ञा चालू ठेवून मगच टीव्हीजवळच्या संगणकाचे बटण दाबावे. नोंदीत काय दिसते आणि पडद्यावर काय दिसते, या दोन्हींची सांगड घातली की निदान होते.

नोंदीत काहीच उमटले नाही, तर हाक सर्व्हरपर्यंत आलेलीच नाही. पडद्यावर पीएक्सई-ई६१ असेल तर तार किंवा पोर्ट पाहावा. तो संदेश जोडणीच नसल्याचे सांगतो. पीएक्सई-ई५१ असेल, किंवा यूईएफआय यंत्रावर ई१६ असेल, तर हाक गेली पण कोणीच उत्तर दिले नाही. अशा वेळी सर्व्हर आणि संगणक एकाच नेटवर्कवर आहेत का, की मध्ये दुसरा राउटर येऊन दोन वेगळी नेटवर्के झाली आहेत, हे तपासावे. घरातल्या वरच्या मजल्यासाठी जुना राउटर जोडलेला असेल, तर बहुतेक वेळा गोम तेथेच निघते. त्याचे डीएचसीपी बंद करून तार त्याच्या वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टात घालावी.

पीएक्सई-ई५३ चा अर्थ असा की आयपी पत्ता मिळाला, पण फाइलचे नाव मिळाले नाही. म्हणजे राउटर बोलला आणि डीएनएसमास्क गप्प राहिला. 'पीएक्सई-सर्व्हिस' ओळीतला संगणकाचा प्रकार चुकला असण्याची शक्यता येथे सर्वाधिक असते. नोंदीत क्लायंटचा प्रकार आकड्यात दिसतो. ० म्हणजे जुने बायॉस आणि ७ म्हणजे ६४-बिट यूईएफआय. त्यानंतरचे ई३२ किंवा टी०१ हे टीएफटीपीचे दोष आहेत. पहिला सर्व्हरकडून उत्तर न आल्याचा, म्हणून फायरवॉल तपासावी. दुसरा फाइल न सापडल्याचा, म्हणून नावातले लहान-मोठे अक्षर आणि फाइल वाचण्याची परवानगी तपासावी. सर्व्हरवर फायरवॉल चालू असेल तर यूडीपीचे ६७, ६९ आणि ४०११ हे पोर्ट खुले हवेत.

आयपीएक्सईचे नाव पडद्यावर पुन्हापुन्हा येत राहिले, तर ते मघाशी सांगितलेले चक्र आहे. खुणेच्या ओळी पाहाव्यात. कर्नल उतरला आणि त्यानंतर पडदा थिजला, तर दोष एनएफएसचा किंवा नेटवर्क ड्रायव्हरचा असतो. लिपीतल्या पर्यायांत 'डीबगिंग' हा शब्द तात्पुरता घालून पुन्हा बूट करावे म्हणजे अडलेली पायरी दिसते. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर येथे कर्नलमध्येच समाविष्ट असावा लागतो, कारण बाकीची प्रणाली आणायची तर आधी नेटवर्क हवे. अगदी नव्या कार्डाला जुनी आवृत्ती ओळखत नसेल तर नवी आवृत्ती वापरावी.

साठा आणि ग्रंथालय

कोडी सुरू झाल्यावर 'मीडिया' फोल्डर त्याच्या स्वतःच्या एनएफएस सोयीने जोडावे. परवानगी नाकारल्याचा संदेश आला, तर सर्व्हरवर 'मीडिया'च्या ओळीत 'इनसिक्युअर' हा पर्याय वाढवावा. त्याचे नाव भीतिदायक असले तरी अर्थ इतकाच की १०२४ च्या वरच्या पोर्टवरून आलेली मागणीही स्वीकारावी.

फाइलींची नावे कोडीला कळतील अशी, म्हणजे चित्रपटाचे नाव आणि कंसात वर्ष, ठेवावीत. घरगुती चित्रफितींना वेगळे फोल्डर करून त्यावर इंटरनेटवरून माहिती शोधणे बंद ठेवावे, नाहीतर आत्याच्या लग्नाला एखाद्या परदेशी चित्रपटाचे पोस्टर लागते. दोन खोल्यांत दोन संगणक झाल्यावर 'कोणता भाग कोठपर्यंत पाहिला' ही नोंद दोघांत एक असावी असे वाटू लागते. एकच डेटाबेस फाइल दोघांना वापरू देऊ नये, ती खराब होते. सर्व्हरवर मारियाडीबी ही डेटाबेस-यंत्रणा घालून कोडीच्या 'ॲडव्हान्स्डसेटिंग्ज' फाइलीत तिचा पत्ता द्यावा.

वीज, ऊन आणि पावसाळा

डिस्क नसलेला संगणक वीज गेल्याने बंद पडला तरी त्याचे स्वतःचे काही बिघडत नाही. सगळी काळजी सर्व्हरची घ्यायची आहे. सर्व्हर, राउटर आणि स्विच हे तिघेही यूपीएसवर असावेत. फक्त सर्व्हर यूपीएसवर आणि स्विच साध्या प्लगवर ठेवल्यास उपयोग अर्धाच होतो. यूपीएसला यूएसबी जोडणी असेल तर 'नट' हे पॅकेज घालून बॅटरी उतरत आल्यावर सर्व्हर आपोआप व्यवस्थित बंद होईल अशी सोय करावी. 'सिंक'ऐवजी 'असिंक' वापरल्यास लेखन जलद होते, पण वीज गेल्यास शेवटचे लेखन हरवते. या वेगाची घरात गरज नसते, म्हणून मी 'सिंक'च सुचवतो.

वीज परत आल्यावरचा क्रमही ठरवून ठेवावा. सर्व्हरच्या बायॉसमध्ये वीज येताच चालू होण्याची निवड करावी, आणि टीव्हीजवळच्या संगणकाला मात्र बंद राहण्याची. तसे न केल्यास दोघे एकदम सुरू होतात, सर्व्हर तयार होण्याआधीच पीएक्सई हाका देऊन दमतो आणि पडद्यावर नुसता संदेश उरतो. चित्रपट चालू असताना सर्व्हर क्षणभर बंद पडला, तर चित्र गोठते आणि सर्व्हर परतल्यावर एनएफएस बहुधा तेथूनच पुढे सुरू होते. अशा वेळी घाईने बटण दाबू नये. संगणक झोपवण्याऐवजी पूर्ण बंद करावा, कारण झोपेतून उठताना नेटवर्क यायच्या आधीच प्रणालीला आपल्या फाइली हव्या असतात.

नाशिकला एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून बराच वर. आवाज नको म्हणून सर्व्हर माळ्यावर टाकण्याचा मोह होतो, पण बहुतेक घरगुती हार्ड डिस्कची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते आणि बंद माळ्यावर ती गाठायला वेळ लागत नाही. जिन्याखालची, हवा खेळती असलेली, ओल न येणारी जागा त्यासाठी बरी. 'स्मार्टसीटीएल' या आज्ञेने उन्हाळ्याच्या दुपारी डिस्कचे तापमान एकदा पाहून घ्यावे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीवरून आलेल्या तारेला आत शिरण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तारेवरून ओघळत पोर्टात न जाता झोळावरून गळून जाईल.

नवी आवृत्ती बसवताना

लिब्रेईएलईसीचे स्वयंचलित अद्ययावतन बंद करावे. ते 'बूट' फोल्डरमध्ये लिहू पाहते, आणि ते फोल्डर आपण फक्त वाचण्यासाठी दिले आहे. त्याऐवजी 'बूट'च्या आत प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे उपफोल्डर करावे, नव्या दोन फाइली त्यात ठेवाव्यात, आणि 'बूट.आयपीएक्सई'मधल्या ओळीत फक्त फोल्डरचे नाव बदलावे; कर्नलचा पत्ता आणि 'बूट=' हा पर्याय या दोन्ही ठिकाणी. त्याआधी 'आरसिंक'ने 'स्टोरेज'ची एक प्रत करून ठेवावी, कारण कोडीची मोठी आवृत्ती बदलली की ती डेटाबेसचे स्वरूपही बदलते आणि मग जुन्या आवृत्तीत ते सगळे बदल दिसत नाहीत. नवी आवृत्ती नीट चालली नाही, तर लिपीतले नाव पूर्ववत करावे, 'स्टोरेज'ची जुनी प्रत जागेवर ठेवावी आणि संगणक पुन्हा चालू करावा. हे सगळे काम सर्व्हरसमोर बसून होते. टीव्हीमागची तार, पेनड्राइव्ह किंवा स्क्रू-ड्रायव्हर यांना हात लावावा लागत नाही.

दुसऱ्या खोलीसाठी त्याच प्रकारचा पीसी घेतला तर 'एक्स्पोर्ट्स'मध्ये त्याचा पत्ता वाढवण्यापलीकडे सर्व्हरवर काही करावे लागत नाही. रास्पबेरी पाय घ्यायचा झाल्यास त्याचा मार्ग थोडा वेगळा आहे. तो आयपीएक्सई न वापरता स्वतःच्या अनुक्रमांकाच्या नावाचे फोल्डर टीएफटीपीवर शोधतो, त्याला पायसाठीची वेगळी इमेज लागते, आणि पाय ४ मध्ये बूटचा क्रम त्याच्या ईईप्रॉममध्ये, म्हणजे बोर्डावरच्या कायम स्मृतीत, बदलावा लागतो. पाय ३बी मध्ये पोर्ट १०० मेगाबिटचाच असल्याने तो झोपण्याच्या खोलीतल्या छोट्या टीव्हीसाठी ठेवावा आणि ४के चित्रपटांसाठी घेऊ नये.